शब्द कळले, वाक्य का कळले नाही?

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरणाचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. 'आम्ही येथे अणू, तारे आणि इंजिने यांविषयी वाचायला येतो. नाम, सर्वनाम, क्रियापद यांचा जाच शाळेत काय कमी आहे?' असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु मी व्याकरणाचा शिक्षक नाही. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. तेथे जे नित्य दिसते त्यावरून माझे असे मत बनले आहे की, मराठी माध्यमातून अकरावीत येणारे पुष्कळसे विद्यार्थी पदार्थविज्ञानात अडखळत नाहीत. ते इंग्रजी वाक्यात अडखळतात, आणि दोष मात्र पदार्थविज्ञानाला किंवा स्वतःच्या बुद्धीला देतात.

ही मुले कष्टाळू असतात. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक कठीण शब्दावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेला असतो. पण पान संपले तरी एकही विधान डोक्यात शिरलेले नसते. सगळे शब्द कळले आणि वाक्य कळले नाही, असे का व्हावे? माझे उत्तर असे आहे की, वाक्य हे सुट्या शब्दांचे बनलेले नसते. ते शब्दांच्या गटांचे बनलेले असते. इंग्रजी व्याकरणात अशा गटाला फ्रेज म्हणतात. आपण त्याला पदबंध म्हणू. पदबंध ओळखता येणे आणि वाक्यात तो कोणते काम करतो हे सांगता येणे, ही विज्ञानाच्या विद्यार्थ्याची पहिली गरज आहे. ती विज्ञानाच्याच तासाला भागवली पाहिजे, आणि त्या कामी आपली मराठी फार उपयोगी पडते, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

बिल्ला आणि खुर्ची

प्रयोगशाळेतील एक साधी सूचना घ्या: 'ॲड ॲसिड टू वॉटर.' मराठीत हेच आपण 'आम्ल पाण्यात घाला' असे म्हणू. शब्दांची जागा बदलून 'पाण्यात आम्ल घाला' म्हटले तरी अर्थ तोच राहतो. कारण 'पाण्यात' या शब्दाला लागलेला 'त' हा प्रत्यय त्या शब्दाचे काम सांगतो. शब्द कोठेही बसला तरी प्रत्यय त्याच्याबरोबर जातो. आता इंग्रजी सूचनेतील दोन शब्दांची अदलाबदल करा: 'ॲड वॉटर टू ॲसिड.' शब्द तेच चार. अर्थ मात्र नेमका उलटा झाला!

आणि हा उलटा अर्थ धोक्याचा आहे. संहत गंधकाम्ल पाण्यात मिसळताना फार मोठी उष्णता बाहेर पडते. भरपूर पाण्यात आम्ल थोडे थोडे घातले, तर ती उष्णता सगळे पाणी सामावून घेते. उलट, आम्लावर पाणी ओतले तर वरचे थोडे पाणी क्षणात उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर व डोळ्यांत उडू शकतात. जो विद्यार्थी 'ॲड म्हणजे मिसळणे, ॲसिड म्हणजे आम्ल, वॉटर म्हणजे पाणी' एवढेच जाणतो, त्याला दोन्ही सूचना सारख्याच वाटतील. त्याने 'टू वॉटर' हा गट एकत्र वाचला तरच तो सुरक्षित राहील.

मराठी शब्दाच्या छातीवर जणू बिल्ला लावलेला असतो. इंग्रजी शब्द मात्र तो कोणत्या खुर्चीवर बसला आहे यावरून ओळखावा लागतो. इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते बहुतेक झिजून गेले. मग प्रत्ययांचे काम दोन गोष्टींवर आले: शब्दांचा ठरलेला क्रम, आणि ऑफ, इन, टू, बाय यांसारखी लहान लहान अव्यये. ही अव्यये नामाच्या आधी येतात. आपली शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय मागून येतात. 'ऑन द टेबल' आणि 'टेबलावर' हे शेजारी ठेवून पाहा.

पदबंधाची कसोटी

पदबंध कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कसे ओळखावे? व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक प्रयोग करावा. त्याला प्रतिस्थापनाची कसोटी म्हणता येईल. शब्दांच्या ज्या गटाच्या जागी एकच शब्द ठेवता येतो आणि तरीही वाक्य उभे राहते, तो गट बहुधा पदबंध असतो.

'द लाँग आयर्न रॉड इन द बॉक्स एक्स्पांड्स ऑन हीटिंग.' यातील पहिल्या सात शब्दांच्या जागी 'इट' ठेवा: 'इट एक्स्पांड्स ऑन हीटिंग.' वाक्य टिकले; म्हणजे ते सात शब्द मिळून एक पदबंध आहे. आता मधलेच 'रॉड इन द' हे तीन शब्द काढून तेथे 'इट' घाला. वाक्य कोसळते. म्हणून ते तीन शब्द शेजारी असले तरी त्यांचा गट होत नाही. पहिल्या गटात कर्ताकरविता शब्द 'रॉड' हा आहे. बाकीचे त्याचे सोबती. प्रसरण सळईचे होते, पेटीचे नव्हे.

येथे एक भेद सांगून ठेवतो. पदबंधाला स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद अशी जोडी नसते. 'आफ्टर द एक्स्पेरिमेंट' हा पदबंध आहे. 'आफ्टर द एक्स्पेरिमेंट एंडेड' हे उपवाक्य आहे.

गट करून वाचल्याने काय साधते? हे बारा अंक एकदाच वाचा आणि डोळे मिटून म्हणा: 1 9 4 7 1 9 5 0 1 9 6 0. जमणे कठीण आहे. आता त्यांचेच तीन गट करा: 1947, 1950, 1960. स्वातंत्र्याचे वर्ष, प्रजासत्ताकाचे वर्ष आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष! आता विसरू म्हटले तरी विसरणार नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1956 साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की माणूस एका वेळी साधारण सातच सुट्या गोष्टी मनात धरू शकतो. पण त्यांचे अर्थपूर्ण गट केले तर तेवढ्याच जागेत पुष्कळ अधिक मावते. नंतरच्या संशोधनाने हा आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला आहे. वीस शब्दांचे वाक्य एकेक शब्दाने वाचणाऱ्याचे मन अर्ध्या वाटेवरच भरून जाते. तेच वाक्य चार पदबंधांत वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जाता येते. यात बुद्धीच्या कमीअधिकपणाचा प्रश्न नाही. वाचण्याच्या रीतीचा आहे.

रूप एक, कामे अनेक

आता पदबंधाच्या कामाकडे वळू. ही दोन वाक्ये पाहा:

'द वॉटर इन द बीकर इज हॉट.'
'पोअर द वॉटर इन द बीकर.'

दोन्हींत 'इन द बीकर' हा पदबंध अक्षरशः तोच आहे. पण पहिल्या वाक्यात तो कोणते पाणी ते सांगतो, म्हणजे विशेषणाचे काम करतो. दुसऱ्यात तो कोठे ओतायचे ते सांगतो, म्हणजे क्रियाविशेषणाचे काम करतो. इंग्रजीत वरून काहीच फरक दिसत नाही. मराठीत मात्र तो लपत नाही. पहिल्याचे मराठी 'चंचुपात्रातील पाणी गरम आहे' आणि दुसऱ्याचे 'चंचुपात्रात पाणी ओता'. 'तील' आला की विशेषण, नुसता 'त' आला की क्रियाविशेषण! तसेच 'वरील' आणि 'वर', 'खालील' आणि 'खाली', 'मधील' आणि 'मध्ये'.

आणखी एक उदाहरण घेऊ. 'टू मेझर टेम्परेचर' हा पदबंध तीन वाक्यांत तीन कामे करतो:

'टू मेझर टेम्परेचर इज ईझी.' तापमान मोजणे सोपे आहे.
'वी यूज अ थर्मामीटर टू मेझर टेम्परेचर.' तापमान मोजण्यासाठी आपण तापमापी वापरतो.
'अ थर्मामीटर इज अ डिव्हाइस टू मेझर टेम्परेचर.' तापमापी हे तापमान मोजण्याचे साधन आहे.

मोजणे, मोजण्यासाठी, मोजण्याचे. पहिले नामाचे काम, दुसरे क्रियाविशेषणाचे, तिसरे विशेषणाचे. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी तीन लांबलचक नावे आहेत आणि मुले ती घोकतात. पण ज्याला मराठी येते, त्याच्या जिभेवर हे तिन्ही भेद जन्मापासून आहेत. रूप वेगळे आणि काम वेगळे, हा विचारही आपल्याला परका नाही. पाणिनीने विभक्ती आणि कारक यांचा वेगवेगळा विचार केला आहे. विभक्ती हे शब्दाचे रूप, कारक ही त्याची क्रियेतील भूमिका.

हा भेद न कळल्याने विज्ञान कसे बिघडते ते आता पाहा. आर्किमिडीजच्या तत्त्वात एक पदबंध येतो: 'द वेट ऑफ द फ्लुइड डिस्प्लेस्ड बाय द बॉडी.' विद्यार्थ्याने 'डिस्प्लेस्ड' हे भूतकाळी क्रियापद म्हणून घोकलेले असते. तो वाचतो, 'द्रवाने सारले', आणि तेथेच त्याची वाट चुकते. कोणी 'वेट' आणि 'बॉडी' एवढेच दोन ओळखीचे शब्द उचलतो आणि 'वस्तूचे वजन' असे लिहून मोकळा होतो. वास्तविक 'डिस्प्लेस्ड बाय द बॉडी' हा पदबंध 'फ्लुइड'चे विशेषण आहे: वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाचे वजन. 'सारले' हे क्रियापद, 'सारलेला' हे विशेषण. मराठीत गोंधळाला जागाच नाही.

आकडे घालून पाहू. 250 ग्रॅम वस्तुमानाचा आणि 100 घनसेंटिमीटर आकारमानाचा दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवला. त्याने 100 घनसेंटिमीटर पाणी सारले. त्या पाण्याचे वस्तुमान 100 ग्रॅम. म्हणून ताणकाटा आता 150 ग्रॅम दाखवील. 'वस्तूच्या वजनाइतके बल' असा अर्थ केला असता तर ताणकाट्याने शून्य दाखवायला हवे होते, आणि मग कोणताही दगड पाण्यात तळाला गेलाच नसता!

शेवटाकडून सुरुवातीकडे

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. न्यूटनच्या गतीविषयक दुसऱ्या नियमात 'द रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम' असा पदबंध येतो. मराठीत आपण 'संवेगाच्या बदलाचा दर' असे म्हणतो. क्रम बरोबर उलटा झाला. इंग्रजीत मुख्य शब्द आधी येतो आणि ऑफ, ऑफ करीत त्याचे धागेदोरे मागून उलगडतात. मराठीत धागे आधी आणि मुख्य शब्द शेवटी.

आता हिशेब करा. 2 किलोग्रॅम वस्तुमानाच्या गाडीचा वेग 4 सेकंदांत दर सेकंदास 3 मीटरवरून 7 मीटर झाला. आधी संवेग काढावा लागतो: प्रथम 6, नंतर 14. मग बदल: 8. मग दर: 8 भागिले 4, म्हणजे 2. म्हणून गाडीवरील बल 2 न्यूटन. संवेग, बदल, दर: हिशेबाचा क्रम आणि मराठी पदबंधाचा क्रम एकच निघाला! इंग्रजी पदबंध शेवटाकडून वाचला की हाच क्रम हाती येतो.

भूमितीतही हेच दिसेल. 'द स्क्वेअर रूट ऑफ द सम ऑफ द स्क्वेअर्स ऑफ द टू साइड्स' हे ऐकताना धाप लागते. मराठीत 'दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ'. बाजू 3 आणि 4, वर्ग 9 आणि 16, बेरीज 25, वर्गमूळ 5. वाक्य म्हणता म्हणता गणित सुटले. आता 'द स्क्वेअर ऑफ द सम' आणि 'द सम ऑफ द स्क्वेअर्स' यांची तुलना करा. शब्द जवळजवळ तेच; पण पहिल्याचे उत्तर 49 आणि दुसऱ्याचे 25. बीजगणितात कंस जे काम करतात, ते भाषेत पदबंध करतात. (20 − 8) ÷ 4 = 3, पण 20 − 8 ÷ 4 = 18. कंस पुसून टाकून गणित करा असे आपण कोणाला सांगत नाही. मग पदबंध न दाखवता वाक्य वाचा असे का सांगतो?

हा उलटा क्रम सर्वत्र लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. एकेकटी विशेषणे इंग्रजीतही नामाच्या आधीच बसतात: 'लाँग आयर्न रॉड', लांब लोखंडी सळई. आणि 'अ बीकर ऑफ वॉटर' म्हणजे 'पाण्याचे चंचुपात्र' नव्हे, तर चंचुपात्रभर पाणी. तेव्हा मराठीचा आधार घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून.

वाचण्याइतकेच हे लिहिण्यालाही लागू आहे. प्रयोगवहीत असे वाक्य आढळते: 'हीटेड स्ट्राँगली, द स्टूडंट ऑब्झर्व्ड द वायर ग्लो.' वाक्याच्या आरंभी आलेला असा पदबंध कर्त्याला जाऊन चिकटतो, असा इंग्रजीचा संकेत आहे. येथे कर्ता विद्यार्थी आहे. म्हणजे तार नव्हे, बिचारा विद्यार्थीच चांगला तापवला गेला, आणि तशा अवस्थेतही त्याने निरीक्षण केले! मराठीत आपण 'खूप तापवलेली तार' असेच लिहितो आणि विद्यार्थी वाचतो.

काही आक्षेप

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम इंग्रजीच्या शिक्षकांचे आहे. अंशतः खरे आहे. परंतु इंग्रजीच्या तासाला जे धडे असतात, त्यांत 'रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम' येत नाही. हा पदबंध ज्याच्या तासाला प्रथम भेटतो, त्यानेच तो उलगडून दाखवला पाहिजे. अभ्यासक्रम पुरा व्हायचा कधी, असे कोणी विचारील. एका नव्या नियमामागे पाच मिनिटे द्यावीत. फळ्यावर नियम लिहून त्याचे पदबंध आडव्या रेघांनी वेगळे करावेत आणि प्रत्येक पदबंध कोणत्या शब्दाला टांगला आहे ते बाणाने दाखवावे. ही पाच मिनिटे पुढे दहा वेळा तोच नियम समजावून सांगण्याचा वेळ वाचवतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'इंग्रजी शिकायचे तर मराठी विसरा, मनात भाषांतर करू नका' असा उपदेश मुलांना नेहमी ऐकावा लागतो. अखेरीस इंग्रजी वाक्य थेट समजले पाहिजे, हे मला मान्य आहे. पण पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात, त्याला कोणी हसत नाही. पोहणे आले की भोपळा आपोआप सुटतो. पहिल्याच दिवशी भोपळा हिसकावून घेऊन मुलाला विहिरीत ढकलणे ही शिकवण्याची रीत नव्हे. त्यातून एवढेच होते की, मुलगा विधान समजून न घेता पाठ करतो. आणि पाठ केलेला नियम उदाहरण सोडवताना हात देत नाही. विज्ञानात पाठांतराने आलेले अज्ञान सर्वांत अवघड, कारण ते परीक्षेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट परीक्षेची. पदबंधाखाली रेघ मारून त्याचा प्रकार लिहा, असा प्रश्न व्याकरणात असतो. प्रकाराचे नाव आले की गुण मिळतात. त्यापेक्षा 'हा पदबंध कोणत्या शब्दाबद्दल सांगतो? तो काढून टाकला तर विधानात काय बिघडेल?' असे विचारले तर मूल विचार करील. नावे नंतर शिकता येतील. एखाद्या यंत्राच्या भागाचे नाव ठाऊक असणे आणि तो भाग कशासाठी आहे हे ठाऊक असणे, यांतील अंतर विज्ञानाच्या वाचकाला सांगायला नकोच.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षक हे करोत वा न करोत, तुम्हाला आजच सुरुवात करता येईल. आपल्या विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातील कोणताही एक नियम वहीत उतरून घ्या. 'इट' किंवा 'देअर' यांसारखा एकच शब्द घालून पदबंधांच्या सीमा शोधा. प्रत्येक पदबंधाचे मराठी करा आणि त्याच्या शेवटी 'चा', 'तील', 'लेला' येते की 'त', 'साठी', 'ने' येते ते पाहा. मग लांब पदबंध शेवटाकडून वाचा. शब्दार्थाची पेन्सिल थोडा वेळ बाजूला ठेवा. सुरुवातीला ही पाहा एक सूचना: 'हीट द लिक्विड इन द टेस्ट ट्यूब ओव्हर अ लो फ्लेम.' यातील 'ओव्हर अ लो फ्लेम' कोणाला टांगलेले आहे? आणि 'इन द टेस्ट ट्यूब' हे 'परीक्षानळीतील' की 'परीक्षानळीत'? दोन्ही अर्थ संभवतात का, आणि प्रत्येक अर्थ धरला तर प्रयोगाच्या मांडणीत काय फरक पडेल? शेजारच्या मित्राशी यावर वाद घालून पाहा. वाद रंगला, तर तुम्ही व्याकरण आणि विज्ञान दोन्ही एकाच वेळी शिकत आहात असे खुशाल समजा.